कात्री हातात असलेला माणूस

१९८३ सालच्या 'कुली'मध्ये एका मारामारीच्या मधोमध चित्र अचानक थांबतं. अमिताभ आणि पुनीत इस्सर हाणामारी करतायत, आणि एका क्षणी पडद्यावर सगळं गोठतं. खाली अक्षरं उमटतात: याच दृश्यात अमिताभला खरोखरची जखम झाली होती. २६ जुलै १९८२ ला बंगळुरूत हा अपघात झाला. अमिताभ मरणाच्या दारातून परत आला. दिग्दर्शक मनमोहन देसाई यांनी कथेचा शेवटही बदलला आणि मरणारा नायक जगवला. हा किस्सा तुम्ही घरी कोणाकडून तरी ऐकला असेल, किंवा निदान एखाद्या रीलमध्ये पाहिला असेल.

पण त्या चित्रपटाची श्रेयनामावली कोणी वाचत नाही. वाचली तर एक नाव बुचकळ्यात टाकतं. संकलन: हृषिकेश मुखर्जी.

म्हणजे तेच? 'गोलमाल'वाले? 'चुपके चुपके'वाले? मध्यमवर्गीय घरातल्या चहाच्या कपाभोवती अख्खा चित्रपट फिरवणारे हृषिदा, आणि मनमोहन देसाईंच्या धावत्या, उडत्या, योगायोगांनी खच्चून भरलेल्या सिनेमाचे संकलक? हो, तेच. तोवर त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळायचा होता, पण 'आनंद', 'अभिमान', 'गोलमाल', 'खूबसूरत' हे सगळं करून झालेलं होतं. मोठा दिग्दर्शक म्हणून नाव झालं होतं. तरी दुसऱ्याच्या सिनेमाची रिळं कापायला बसण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कारण मुळात ते संकलकच होते. दिग्दर्शन नंतर आलं.

आपल्याकडे हृषिदांवर खूप लिहिलं गेलंय, पण बहुतेक सगळं दिग्दर्शक हृषिदांवर. साधा, सोज्वळ, घरगुती सिनेमा वगैरे. या विशेषणांनी त्यांचं जरा नुकसानच केलंय असं मला वाटतं. साधेपणा आकाशातून पडत नाही. तो कापून कापून काढावा लागतो. आणि ते कापणं हा माणूस कुठे शिकला, ते बघण्यासारखं आहे.

३० सप्टेंबर १९२२ ला कलकत्त्यात जन्म. रसायनशास्त्र घेऊन कलकत्ता विद्यापीठाची पदवी. मग काही काळ गणित आणि विज्ञान शिकवण्याची नोकरी. म्हणजे सुरुवात अगदी चारचौघांसारखी, तुमच्या वर्गातल्या कोणत्याही बीएस्सीवाल्याची असावी तशी. चाळीसच्या दशकात ते न्यू थिएटर्समध्ये शिरले. बी. एन. सरकार यांनी १९३१ मध्ये उभी केलेली ही कंपनी म्हणजे त्या काळचं सिनेमाचं विद्यापीठच. सैगलची कंपनी, प्रमथेश बरुआंची कंपनी, आणि छायालेखक म्हणून बिमल रॉय जिथे तयार झाले ती कंपनी. हृषिदांनी तिथे आधी कॅमेऱ्याच्या बाजूने काम सुरू केलं आणि मग ते सरकले संकलनाच्या टेबलाकडे. तिथे त्यांना गुरू भेटले सुबोध मित्र. सगळे त्यांना केंचीदा म्हणायचे. आता बंगालीत कात्रीला 'कांची' म्हणतात आणि आपल्याकडे 'कैची'. या टोपणनावाचा उगम तोच की आणखी काही, यावर पैज लावू नका, पण संकलकाला याहून शोभणारं नाव सापडणं कठीण.

इथे थोडं थांबून त्या टेबलाबद्दल बोलायला हवं. आज तुम्ही मोबाइलवर दोन बोटांनी क्लिप कापता. चुकलं तर मागे जाता, पुन्हा कापता. त्या काळी फिल्म ही हातात धरायची वस्तू होती. ३५ मिलीमीटर रुंद पट्टी, कडेला भोकं. एका फुटात १६ चौकटी, एका सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटासाठी ९० फूट फिल्म. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट, आणि हे झालं फक्त शेवटी उरलेलं. चित्रित केलेलं त्याच्या कितीतरी पट. चित्राची पट्टी वेगळी, आवाजाची वेगळी. दोन्ही जुळवून चालवायच्या. मूव्हिओला नावाच्या यंत्राच्या छोट्याशा काचेत डोळे घालून बघायचं, जिथे कापायचं तिथे मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, कापायचं, चिकटवायचं आणि पुन्हा बघायचं. एक शॉट चार चौकटींनी लांबला, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागाने, तर विनोद पडतो. तितकाच आखूड झाला तर रडू येत नाही. कापलेले तुकडे खुंट्यांवर लटकत असतात आणि त्यातला कुठला कशाचा, हे संकलकाच्या डोक्यात असावं लागतं. उलट फिरण्याची सोय नव्हती असं नाही. पण प्रत्येक वेळी तो तुकडा शोधून, परत चिकटवून बघणं म्हणजे वेळ आणि घाम.

याचा परिणाम असा व्हायचा की माणूस कापण्याआधी विचार करायला शिकायचा. रसायनशास्त्राचा विद्यार्थी, गणिताचा मास्तर. या कामाला ते डोकं जमलं यात नवल नाही.

१९५१ मध्ये बिमल रॉय कलकत्ता सोडून मुंबईत आले. फाळणीनंतर बंगाली सिनेमाचा अर्धा बाजार सीमेपलीकडे गेला होता आणि न्यू थिएटर्सची घडी विस्कटली होती. बॉम्बे टॉकीजने त्यांना एका चित्रपटासाठी बोलावलं. त्यांच्यासोबत आली त्यांची मंडळी: लेखक नवेंदू घोष, असित सेन, आणि संकलक-सहायक हृषिकेश मुखर्जी. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचेही ते अखेरचे दिवस होते. एका बुडत्या जहाजावरून उतरून दुसऱ्या बुडत्या जहाजावर चढल्यासारखं. ना पैशाची शाश्वती, ना पुढच्या कामाची.

मग जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' आणि कुरोसावांचा 'राशोमोन' इथल्या सिनेमावाल्यांनी एकत्र बसून पाहिले. बिमल रॉय यांच्या मंडळींना त्या इटालियन सायकलने वेड लावलं. खरे रस्ते, खरी गरिबी, स्टुडिओतला खोटा चंद्र नाही. असं आपल्याला का करता येऊ नये, या प्रश्नातून पुढच्याच वर्षी 'दो बीघा जमीन' आला. कथा सलील चौधरींची. पटकथा आणि संकलन हृषिदांचं.

तिशीतल्या माणसाने एकाच चित्रपटाची पटकथाही करावी आणि संकलनही, ही गोष्ट साधी नाही. पटकथा म्हणजे चित्रपट सुरू होण्याआधी कागदावर केलेलं संकलन. ती ज्याने लिहिली तोच शेवटी टेबलावर बसला. 'दो बीघा जमीन'मधली रिक्षाची शर्यत आठवून बघा, नाहीतर शोधून बघा. शंभू, म्हणजे बलराज साहनी, कलकत्त्यात हातरिक्षा ओढतोय. त्याच्या रिक्षात बसलेल्या माणसाला पुढची रिक्षा गाठायची आहे, आणि वेग वाढवला की तो पैसे वाढवतो. शंभू धावतो. आणखी पैसे, आणखी वेग. पाय, चाक, चेहरा, बसलेल्या माणसाची मजा. आणि मग चाक निखळतं. या दृश्यात शोषणावर कोणी भाषण देत नाही. तुकड्यांच्या क्रमातून आणि वाढत्या वेगातून ते आपल्याला कळतं, आणि आपण स्वतःही धापा टाकायला लागतो. कान महोत्सवात १९५४ ला या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. पहिल्यावहिल्या फिल्मफेअर पुरस्कारांत उत्कृष्ट चित्रपटाचा मानही त्यालाच मिळाला.

यानंतर 'नोकरी', 'देवदास'. आणि मग १९५८ चा 'मधुमती', ज्याची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात आपलं इगतपुरी येतं. ऋत्विक घटक यांनी लिहिलेली पुनर्जन्माची कथा, दिलीपकुमार, वैजयंतीमाला, डोंगर आणि धुकं. बाहेरचं चित्रीकरण नैनीतालच्या परिसरात झालं. फिल्म धुऊन बघितली तर बराच भाग धुरकटलेला, वापरता न येण्यासारखा. पुन्हा सगळा लवाजमा घेऊन कुमाऊँच्या डोंगरात जायचं तर पैसा कुठून आणायचा? मग कलादिग्दर्शक सुधेंदू रॉय यांच्या लोकांनी खोटे पाइन वृक्ष बनवले. इगतपुरीजवळ, वैतरणा धरणाच्या बाजूला ते उभे केले आणि तिथे नैनीताल उभं राहिलं. काही भाग तर चक्क गोरेगावच्या आरे कॉलनीत झाला.

आता हे टेबलावर बसलेल्या माणसाच्या बाजूने बघा. दिलीपकुमार चालायला लागतो उत्तराखंडात, आणि पाऊल टाकतो नाशिक जिल्ह्यात. झाडाआडून वैजयंतीमाला डोकावते तेव्हा ते आरे कॉलनीतलं झाड असायचं. उजेड वेगळा, मातीचा पोत वेगळा, धुकं कधी खरं तर कधी धुराचं. हे सगळं एकच जंगल आहे असं प्रेक्षकाला वाटायला हवं. आणि वाटतं. साठ-पासष्ट वर्षं लोक 'मधुमती' बघतायत आणि कोणी मध्येच उठून हे तर आपलं वैतरणा म्हणून ओरडलेलं नाही. त्या वर्षीच्या उत्कृष्ट संकलनाचं फिल्मफेअर हृषिदांना मिळालं. चित्रपटाला एकूण नऊ मिळाली. हा आकडा मोडायला पुढे 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' यावा लागला, म्हणजे १९९५ उजाडावं लागलं.

मधल्या काळात त्यांचं स्वतःचं दिग्दर्शन सुरू झालं होतं. दिलीपकुमारने भरीला घातलं आणि स्वतः भूमिकाही केली. १९५७ चा 'मुसाफिर'. एक भाड्याचं घर, त्यात एकामागून एक राहायला येणारी तीन कुटुंबं, लग्न, जन्म आणि मृत्यू. कल्पना आजही ताजी वाटते, एखाद्या ओटीटीवाल्याने उचलावी अशी. सुचित्रा सेन, किशोरकुमार, दिलीपकुमार एवढं सगळं असूनही तिकीटबारीवर चित्रपट चालला नाही. मात्र राज कपूरला तो आवडला आणि त्यातून 'अनाडी' झाला. 'अनाडी' धो धो चालला. त्यातल्या घरमालकीण मिसेस डिसा, म्हणजे आपल्या ललिता पवार, हृषिदांना नीट कळल्या होत्या. सिनेमाने ज्यांना खाष्ट सासू करून टाकलं होतं त्या बाईंना त्यांनी खाष्टपणाच्या आत मायेचा झरा दिला, आणि ललिताबाईंनी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर घेतलं. पुढच्याच वर्षीच्या 'अनुराधा'ला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं.

म्हणजे वयाच्या चाळिशीच्या आत हा माणूस देशातल्या पहिल्या रांगेत बसला होता. आता कोणी संकलनाच्या अंधाऱ्या खोलीत परत कशाला जाईल?

ते गेले. १९६५ मध्ये रामू करियत यांनी तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या कादंबरीवर 'चेम्मीन' केला. केरळच्या कोळी वस्तीतली प्रेमकथा, समुद्रच जिच्यातलं एक पात्र आहे. कॅमेरा मार्कस बार्टली यांचा, संगीत सलील चौधरींचं, संकलन हृषिदांचं. बंगाली घरातला, मुंबईत हिंदी सिनेमा करणारा माणूस मल्याळम चित्रपट कापत होता. संवादाचा अर्थ कागदावर लिहून मिळतो, पण बोलणाऱ्याचा श्वास कुठे संपतो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यात तो कधी पोचतो, हे भाषेपलीकडचं आहे. 'चेम्मीन'ला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. दक्षिणेतल्या चित्रपटाला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. १९७० मध्ये राजिंदरसिंग बेदींच्या 'दस्तक'चं संकलनही त्यांनीच केलं.

दिग्दर्शक म्हणून त्यांची जी पद्धत प्रसिद्ध झाली, ती याच खोलीतून आलेली आहे. त्या काळी कच्ची फिल्म बाहेरून यायची, महाग होती आणि हवी तेवढी मिळायची नाही. बरेच दिग्दर्शक एकच प्रसंग पाच बाजूंनी घेऊन ठेवायचे आणि काय ठेवायचं ते नंतर बघू म्हणायचे. हृषिदांच्या डोक्यात प्रसंग आधीच कापलेला असायचा. दार उघडतं इथपर्यंत या बाजूने, चेहरा एवढाच, पुढचं वाक्य दुसऱ्या बाजूने. लागेल तेवढंच घ्यायचं. नट संवादाचा उरलेला भाग बोलायला उत्सुक असायचा आणि तोवर कट झालेला असायचा. सेटवर बुद्धिबळाचा पट मांडलेला असायचा आणि दोन शॉटच्या मध्ये डाव चालायचा, हेही त्यांच्याबद्दल सगळे सांगतात. बुद्धिबळ खेळणारा संकलक. पुढच्या चार चाली आधीच माहीत असलेला.

याचा व्यवहारातला फायदा असा की चित्रपट झटपट आणि स्वस्तात व्हायचा. म्हणूनच त्यांना मोठे तारे परवडायचे, आणि ताऱ्यांना तेही परवडायचे. भल्यामोठ्या चित्रपटांच्या तारखांमधून थोडे दिवस काढून दिले की काम होऊन जायचं. १९७५ साल बघा. एकाच वर्षी 'शोले' आणि 'चुपके चुपके'. दोन्हींत धर्मेंद्र, अमिताभ, जया. एकीकडे बंदुका आणि घोडे, दुसरीकडे वनस्पतीशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हर बनून शुद्ध हिंदीच्या खोड्या काढतोय. 'शोले' बनायला वर्षं लागली. हृषिदांचा त्याच वर्षी 'मिली'सुद्धा आला.

आणि 'आनंद'. १९७१. चित्रीकरण महिन्याभराच्या आत आटोपलं. राजेश खन्ना तेव्हा देशातला सगळ्यांत मोठा तारा आणि अमिताभ नवखा, उंच, अवघडलेला. या चित्रपटामागे एक खरी भीती होती. हृषिदांचा जिवलग मित्र राज कपूर आजारी पडला होता आणि तो जातो की काय, या धास्तीतून ही गोष्ट जन्मली. राज कपूर हृषिदांना बाबूमोशाय म्हणायचा. चित्रपटात आनंद डॉक्टर भास्करला तेच म्हणतो. चित्रपट अर्पण केलाय राज कपूरला आणि मुंबईच्या लोकांना. त्यातल्या मुंबईत आपली मराठी माणसं आहेतच: डॉक्टर कुलकर्णी आणि त्यांची बायको म्हणजे रमेश देव आणि सीमा देव, खऱ्या आयुष्यातलंही जोडपं, आणि नर्सिंग होमच्या मेट्रन ललिता पवार.

'आनंद'चं संकलन स्वतः हृषिदांचं. त्याची रचना जरा धीटच आहे. आनंद मरणार, हे पहिल्याच प्रसंगात कळतं. भास्करने त्याच्यावर पुस्तक लिहिलंय, त्याला पुरस्कार मिळतोय आणि तो मागे वळून सांगतोय. म्हणजे पुढे काय होणार ही उत्सुकता दिग्दर्शकाने पहिल्या पाच मिनिटांत फेकून दिली. कुठल्याही निर्मात्याला घाम फुटेल अशी गोष्ट. पण त्यामुळे होतं काय, की आनंदच्या प्रत्येक विनोदावर आपण हसतो आणि हसता हसता आत काहीतरी दुखतं. तो एखादं गाणं म्हणतो तेव्हा किती दिवस उरले, हा हिशेब आपल्या मनात चालू असतो. पडद्यावर आजारपण फारसं दिसतच नाही. रक्त नाही, उलट्या नाहीत, सलाइनच्या नळ्या नाहीत. ते सगळं कापलंय.

आणि मग शेवट. टेपरेकॉर्डर. भास्कर औषध आणायला गेलेला, इकडे आनंदचा जीव जातो. भास्कर येतो, मित्राच्या देहापाशी बसून त्याला बोल म्हणून विनवतो. आणि शांतता. इथे संकलकाच्या हाताकडे लक्ष द्या. ती शांतता थोडी जास्तच लांबते. आता काही होणार नाही, संपलं, असं वाटायला लागतं, आणि नेमक्या त्या वेळी फिरत असलेल्या टेपवरून आनंदचा आवाज येतो. मेलेल्या माणसाचा जिवंत आवाज. मग टेप संपते, फीत सुटून गरगरत राहते. दोन सेकंद आधी तो आवाज आला असता तर ती नाटकी युक्ती वाटली असती. दोन सेकंद उशिरा आला असता तर लोक खुर्चीतून उठायला लागले असते. ती जागा गणिताने सापडत नाही, पण गणिताच्या मास्तराला ती सापडली. चित्रपटाला बरीच फिल्मफेअर मिळाली. त्यात उत्कृष्ट संकलनाचंही होतं, हृषिदांचं तिसरं.

पुढे स्वतःच्या बऱ्याच चित्रपटांचं संकलन त्यांनी दुसऱ्यांकडे दिलं. पण कापाकापी कागदावर आणि सेटवर आधीच झालेली असायची. 'गुड्डी'मध्ये तर त्यांनी आपल्याच धंद्याचं पितळ उघडं पाडलं. धर्मेंद्रच्या प्रेमात पडलेल्या शाळकरी मुलीला स्टुडिओत नेऊन दाखवलं, की बघ, इथे खोटी मारामारी, खोटं रडू, आणि पडद्यावर नाव न येणारी कितीतरी माणसं. त्यात एका पडक्या स्टुडिओतला प्रसंग आहे. बिमल रॉय तेव्हा जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि त्या भग्न भिंतींमधून त्यांची आठवण निघते. शिष्याने गुरूला वाहिलेली श्रद्धांजली विनोदी चित्रपटाच्या मधोमध बसवली आहे, आणि कुठे जोड दिसत नाही.

सगळंच सोनं होतं असं मात्र नाही. त्यांचे काही चित्रपट दिसायला गरीब आहेत. प्रकाशयोजना सपाट, भिंती एकाच छापाच्या, घरंही तीच तीच. काटकसर कधीकधी घाईत बदलली, आणि ऐंशीच्या दशकातल्या चित्रपटांत ते जास्तच जाणवतं. 'बीवी और मकान', 'आलाप' पडले. स्त्रियांनी शेवटी घर सांभाळून घ्यावं हा त्यांचा सूर आज अनेकींना खटकेल, आणि खटकायला हरकत नाही. 'अभिमान'मध्ये नवऱ्यापेक्षा चांगलं गाणाऱ्या बायकोचं दुःख त्यांनी इतक्या बारकाईने दाखवलं आणि शेवटी तडजोडीवर आणून सोडलं, याचा मला अजून राग येतो. पण १९७३ मध्ये नवऱ्याची असूया एवढ्या उघडपणे मांडायला कोण धजावत होतं, हेही आहेच. आणि 'सत्यकाम'. प्रामाणिकपणाची किंमत चुकवत चुकवत मरणाऱ्या इंजिनीअरची गोष्ट. धर्मेंद्रचं ते सगळ्यांत मोठं काम. स्वातंत्र्याच्या स्वप्नाचं काय झालं हे विचारणारा चित्रपट, आणि तो चालला नाही. ज्यांना हृषिदा म्हणजे फक्त गोड गोड असं वाटतं त्यांनी आधी 'सत्यकाम' बघावा.

उतारवयात ते सेन्सॉर बोर्डाचे अध्यक्ष झाले, नंतर राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचेही. आयुष्यभर स्वतःच्या हाताने कापणाऱ्या माणसाला सरकारी कात्री देण्यात आली, ही गंमत त्यांच्याही लक्षात आली असणार. दोन कात्र्यांमध्ये फरक असतो. एक चित्रपट नीट व्हावा म्हणून चालते. दुसरीबद्दल तुम्ही रोज वाचताच. संधिवाताने त्यांना खूप त्रास दिला. वांद्र्याच्या त्यांच्या घराचं नाव 'अनुपमा'. तिथे कुत्र्यांचा राबता असायचा, आणि गरज पडली की तेच घर चित्रीकरणाची जागाही व्हायचं. काटकसर तिथेही सुटली नाही. शेवटचा चित्रपट १९९८ चा, 'झूठ बोले कौवा काटे', फारसा कोणी पाहिला नाही. १९९९ सालचा फाळके पुरस्कार, २००१ मध्ये पद्मविभूषण. २७ ऑगस्ट २००६ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. चाळीसहून जास्त चित्रपटांचे दिग्दर्शक म्हणून बातम्या आल्या. संकलनाचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकला.

तुमच्यातल्या कित्येकांच्या फोनमध्ये आज एडिटिंगचं ॲप आहे, आणि मास मीडियाचे विद्यार्थी तर सबमिशनच्या आदल्या रात्री टाइमलाइनशी झटत असतातच. एक उद्योग करून बघा. 'गोलमाल'मधला मुलाखतीचा प्रसंग लावा. अमोल पालेकर आखूड कुर्ता घालून, मिशी सांभाळत उत्पल दत्त यांच्यासमोर बसलाय तो. आवाज पूर्ण बंद करा. आता फक्त बघा: कोण बोलत असताना कोणाचा चेहरा दिसतोय. बहुतेक वेळा बोलणाऱ्याचा नाही, ऐकणाऱ्याचा सापडेल. कागद घ्या, प्रत्येक कटला एक रेघ मारा. मग आवाज चालू करा आणि हसू नेमकं कुठल्या रेघेवर येतं ते तपासा.